परवडणारं आणि बरोबर

रात्री साडेदहानंतर विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी एक ड्यूटी ठरलेली असते. ताई क्लिनिकमधून येते, जेवते आणि मी लॅपटॉप उघडून तिला प्रश्न विचारतो. ताई म्हणजे माझी मावसबहीण. पशुवैद्य आहे. तिच्या नवऱ्याची नोकरी अमेरिकेत आहे. तिथे प्रॅक्टिस करायची तर पदवीची पडताळणी वेगळी, आणि 'नॅव्हली' ही लायसन्सची परीक्षा वेगळी. ३६० प्रश्न, ६०-६० चे सहा भाग, प्रत्येकाला ६५ मिनिटं.

आपल्याकडे १९८४ च्या कायद्यानुसार मान्य पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केली की झालं, वेगळी परीक्षा नाही. म्हणून ताई सुरुवातीला चिडायची. इतकी वर्षं जनावरं बघतेय, आता पुन्हा पहिल्यापासून?

एका रात्री प्रश्न आला: तीन महिन्यांचं पिल्लू, लस नाही, उलट्या, रक्ताचे जुलाब, पार्व्होची टेस्ट पॉझिटिव्ह. सर्वात योग्य उपचार कोणता?

"ॲडमिट करायचं, शिरेतून सलाइन," ताई पर्याय न ऐकताच म्हणाली. बरोबर होतं. मग थांबून म्हणाली, "आज असंच एक आलं होतं. धानोरीचे एक रिक्षावाले काका. खिशात बाराशे रुपये. आधी शिरेतून थोडं सलाइन दिलं, मग कातडीखाली. उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, उद्या परत आणा म्हटलं. सांग, मी नापास?"

मला वाटलं, नापास परीक्षाच आहे. तिच्या प्रश्नात पिल्लू असतं, पण त्याला घेऊन आलेला माणूस नसतो, त्याचा खिसा नसतो.

ताईला ते पटलं नाही. ती म्हणाली, कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात नेमका हाच प्रश्न तपासलाय. पार्व्होची ४० पिल्लं. सगळ्यांना आधी शिरेतून सलाइन देऊन सावरलं, मग निम्म्यांना ॲडमिट पेशंटसारखे उपचार, निम्म्यांना कातडीखाली सलाइन आणि इंजेक्शनं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या गटातली ९० टक्के वाचली, दुसऱ्यातली ८०.

"म्हणजे तुझं बरोबरच होतं की," मी म्हटलं.

"माझी तडजोड कितीची आहे, एवढंच मला कळतं," ती म्हणाली. "हे माहीत नसतं तर काही वर्षांनी बाराशेचा उपचार हाच मला पार्व्होचा उपचार वाटला असता. ज्याला परवडतं त्यालाही मी तोच दिला असता."

हे मला लागलं, कारण माझ्या कामात मी ते रोज बघतो. घाईत 'तात्पुरता' म्हणून टाकलेला कोड दोन वर्षांनी 'आपल्याकडे असंच करतात' होतो. तडजोड करणं चूक नव्हतं. ती तडजोड आहे हे विसरणं चूक होतं. फरक इतकाच की माझं बिघडलं तर जुनं व्हर्जन परत आणता येतं आणि ग्राहक तक्रार करतो. पिल्लू तक्रार करत नाही. माणसाच्या डॉक्टरला पेशंट विचारू तरी शकतो, "याहून चांगलं काही आहे का?" इथे तो प्रश्न डॉक्टरनेच स्वतःला विचारायचा असतो.

आमच्या जवळच फुलेनगरला आरटीओ आहे. गाडीचं लायसन्स हातात पडतं तेव्हा ते आपलं बक्षीस वाटतं. खरं तर ते रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं. ताईचं लायसन्सही तसंच, फक्त ज्याच्यासाठी आहे त्याला ते वाचता येत नाही.

पण म्हणून परीक्षा पुरेशी ठरत नाही. काकांना लाज न वाटू देता पैशांबद्दल कसं विचारायचं, हे त्या ३६० प्रश्नांतून तपासता येत नाही. ते क्लिनिकमध्येच शिकावं लागतं.

काका दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. ताईने फोन केला, लागला नाही. त्या रात्री मी तिला विचारलं, केसपेपरवर काय लिहिलंस? तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली: 'ॲडमिट करण्याचा सल्ला दिला, खर्चामुळे शक्य नाही.' त्याखाली, प्रत्यक्षात काय दिलं ते.

मग म्हणाली, "चल, पुढचा प्रश्न विचार."