वारसा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील परंडा येथील भुईकोट किल्ल्यात आजही जुन्या तोफा आहेत. मात्र त्यांतील सर्वांत ख्यातनाम तोफ आज तेथे नाही. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. जो जिंकेल त्याचा वारसा, असा तो न्याय होता.

याच तालुक्यात सीना नदीच्या काठी वसलेल्या डोमगावी मात्र वारशाचा निराळाच न्याय आढळतो. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तेथे आहे. समर्थांनी सांगितलेला दासबोध कल्याणांनी लिहून घेतला, असे परंपरा मानते. कल्याणांच्या हातची म्हणून ओळखली जाणारी प्रत या मठाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्या आधारे ग्रंथ छापला, आणि मठातले धन घरोघरी पोहोचले.

आपल्या ख्रिस्तपुराणाची कथाही अशीच आहे. फादर स्टीफन्स यांचे हे मराठी महाकाव्य १६१६, १६४९ आणि १६५४ साली छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काव्य तरले ते हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली ते मंगळूर येथे पुन्हा छापले गेले. ज्यांनी रात्री जागून ओव्या उतरवल्या, त्यांतील बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

कोणी विचारील, दुष्काळी मुलखात जुन्या पोथ्यांनी कोणाचे पोट भरते? प्रश्न रास्त आहे. केवळ अभिमानासाठी केलेले जतन हा सद्गुण नव्हे. प्रभू येशूच्या दाखल्यातील ज्या सेवकाने आपले धन जमिनीत पुरले, त्याने ते हरवले नव्हते. उलट जसेच्या तसे परत केले. तरीही तो दोषी ठरला. कारण त्याने ते राखले, पण वाढवले नाही. नक्कल करणारा मात्र मूळ न गमावता दुसऱ्याला देतो. म्हणून वारसा ना जिंकणाऱ्याचा, ना कुलपात ठेवणाऱ्याचा. आपण त्याचे केवळ विश्वस्त आहोत.

आपल्या घरातील पेटीत आजीची गीतांची एखादी वही असेल. तिला वाळवी लागण्यापूर्वी ती उतरवून घ्यावी, मुलांना वाचून दाखवावी. हिशेब मागितला जाईल तेव्हा आपले हात रिकामे नसावेत.