बुडणाऱ्यासाठी थांबायचं की नाही?

१९१४ साली ब्रिटिश नौदलातल्या एका तुकडीला नौदलातलेच लोक 'जिवंत आमिष' म्हणायचे. नाव सातवी क्रूझर स्क्वॉड्रन. जहाजं जुनाट. खलाशी बरेचसे राखीव दलातले, घरसंसार असलेले. सोबत डार्टमथच्या नौदल कॉलेजातून थेट जहाजावर धाडलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरं.

२२ सप्टेंबरच्या सकाळी डच किनाऱ्याजवळ या तुकडीच्या तीन क्रूझर गस्त घालत होत्या. वेग फक्त १० नॉट, तोही नागमोडी न जाता. खराब हवेमुळे सोबतच्या विनाशिका परतल्या होत्या. साडेसहाच्या सुमारास 'अबूकिर' हादरली. कॅप्टनला वाटलं, सुरुंग लागला. त्याने बाकीच्या दोघींना मदतीला बोलावलं. प्रत्यक्षात तो टॉर्पेडो होता, यू-९ या जर्मन पाणबुडीचा.

'हॉग' जवळ आली, होड्या सोडल्या, पाण्यात लाकडं फेकली. तिला दोन टॉर्पेडो लागले. मग 'क्रेसी'. सगळं जेमतेम दीड तासात. १,४५९ माणसं गेली.

पुढे नौदलाने सांगितलं: पाणबुडीचा धोका असेल, तर मोठ्या जहाजांनी जखमी जहाजाला त्याच्या नशिबावर सोडून निघून जावं.

गणित पाहिलं तर हे बरोबरच आहे. दोन जहाजं निघून गेली असती, तर शेकडो जीव वाचले असते. पण हे गणित 'हॉग'च्या कठड्याशी उभं राहून मांडायचं होतं. खाली पाण्यात हाका मारणारी माणसं अनोळखी नव्हती, आपल्याच तुकडीतली होती. तिथून तोंड फिरवणाऱ्याला शहाणा म्हणता येईल. त्याच्यासोबत पुढची वीस वर्षं एका घरात राहणं मात्र मला जमलं नसतं.

शिवाय हिशेब नेमका कुठून सुरू करायचा? ही जहाजं तिथून हलवावीत, असं नौदलमंत्री चर्चिलने चार दिवस आधीच लिहून दिलं होतं. ती हलली नाहीत. चौकशीत ठपका मुख्यालयावरही आला. पण हातात धरून दाखवता येईल असा नियम निघाला तो मदतीला धावणाऱ्यांसाठी. हे सोयीचं असतं. ऑफिसात बघा, वरच्यांनी केलेल्या घोळाचं परिपत्रक नेहमी खालच्यांच्याच नावे निघतं!

तरी त्या नियमात 'मोठ्या जहाजांनी' हा शब्द होता, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. महिन्याभरानंतर 'ऑडेशियस' ही युद्धनौका सुरुंगावर आदळली. मोठ्या युद्धनौका लांब ठेवल्या, लहान जहाजं पुढे गेली. जवळजवळ सगळे वाचले. म्हणजे प्रश्न 'थांबायचं का' एवढाच नव्हता, 'कोणी थांबायचं' हाही होता.

त्या सप्टेंबरच्या सकाळी 'फ्लोरा' नावाची लहानशी डच आगबोट तिथे पोहोचली. देश तटस्थ, युद्ध दुसऱ्यांचं. आजूबाजूला सुरुंग आहेत की पाणबुडी, काहीच ठाऊक नाही. तिने २८६ माणसं पाण्यातून वर ओढली आणि आयमाउडन बंदराकडे वळली.