किरणोत्सारी धातू आणि प्रथिनांची पकड

अमेरिशियम आणि क्युरियम ही मूलद्रव्ये अणुभट्टीत घडतात. निसर्गात ती जवळपास नाहीतच. तरीही त्यांना घट्ट धरून ठेवणारे एक प्रथिन पानांवर राहणाऱ्या साध्या जीवाणूकडे असते. मिथिलोरूब्रम एक्स्टॉर्क्वेन्स हा तो जीवाणू. पानांतून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलवर तो जगतो आणि ते पचवणाऱ्या त्याच्या एका विकराला लँथॅनमच्या गटातले धातू, म्हणजे लँथॅनाइड, लागतात. त्याच धातूंना धरणारे त्याचे प्रथिन म्हणजे लॅनमोड्युलिन. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जोसेफ कॉट्रुव्हो यांच्या गटाने २०१८ मध्ये ते जगापुढे आणले.

या प्रथिनात बारा-बारा अमिनो आम्लांची चार वेटोळी असतात. त्यांतील ॲस्पार्टिक आम्लाचे ऋणभारित ऑक्सिजन अणू धातूच्या आयनाला चहूबाजूंनी वेढतात. अशीच वेटोळी कॅल्शियम धरणाऱ्या कॅल्मोड्युलिनमध्येही आहेत. पण लॅनमोड्युलिन कॅल्शियमपेक्षा लँथॅनाइडांना सुमारे दहा कोटी पट अधिक घट्ट धरते. अमेरिशियमच्या आयनावरही तीन धनभार असतात आणि त्याचा आकार निओडिमियम या लँथॅनाइडाच्या आयनाइतकाच भरतो. किरणोत्साराचा प्रथिनाला पत्ताच नसतो. ते पाहते मुख्यतः भार आणि आकार. अमेरिशियम-क्युरियम या प्रथिनाला लँथॅनाइडांहूनही घट्ट चिकटतात, हे २०२१ मध्ये प्रयोगाने दिसले.

प्लुटोनियमची गोष्टही अशीच, फक्त तिथे सोंग लोहाचे असते. रक्तातले लोह वाहणारे ट्रान्सफेरिन प्लुटोनियमही उचलते, आणि तो धातू यकृत व हाडांत साठतो. युरेनियमचा मार्ग वेगळा. जर्मनीत सॅक्सनीमधील योहानगेऑर्गेनश्टाट येथील खाणीच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या एका जीवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे कवच कार्बोक्सिल व फॉस्फेट गटांच्या आधारे युरेनियम धरते.

एवढ्यावरून ‘निसर्गच अणुकचरा साफ करील’ असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. बांधल्याने किरणोत्सार कमी होत नाही. अमेरिशियम-२४१ निम्मे व्हायला सुमारे ४३२ वर्षे लागतातच. शिवाय एरवी मातीच्या कणांना चिकटून बसणारा धातू पाण्यात विरघळलेल्या प्रथिनाशी बांधला गेला, तर पाण्याबरोबर दूरवर जाऊ शकतो. हेच प्रथिन स्तंभातल्या मण्यांवर पक्के बसवले, तर मात्र धातू त्यावर अडकतो आणि आम्लाने धुऊन वेगळा काढता येतो. लँथॅनाइडांसारख्या दुर्मिळ मृदाधातूंच्या बाबतीत हे करून झाले आहे. पण धातू पाण्याबरोबर पसरण्याचा धोका असल्याने प्रदूषित जमिनीत अशी प्रथिने बनवणारे जीवाणू सोडण्याआधी तिथले भूजल कुठे वाहते, हे तपासले गेलेच पाहिजे.