यादीबाहेरचे

कॅनडात डिसेंबर उजाडला की थंडीइतकीच चर्चा असते ज्युनियर आइस हॉकी संघाची. २० वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा २६ डिसेंबरला सुरू होते, आणि त्याआधी जाहीर होणाऱ्या यादीत नावं फक्त २५. मग कॉफीच्या दुकानात, बसमध्ये, आजोबा-नातवात एकच वाद: हा का घेतला, तो का वगळला?

२०२५च्या स्पर्धेआधी हा वाद फारच पेटला. यजमानपद ओटावाकडे होतं. सॅगिनॉ संघाकडून खेळणाऱ्या झेन पारेखने आदल्या मोसमात बचावपटू असून ३३ गोल केले होते, तरी त्याला वगळलं. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत तिसऱ्या क्रमांकावर उचललेला बेकेट सेनेकेही बाहेर. निवडकर्त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. अडवणारे, धक्के खाणारे गडीही लागतातच. पण गोल कोण करणार?

उत्तर लवकर मिळालं. लॅटव्हियाने कॅनडाला शूटआउटमध्ये हरवलं, अमेरिकेविरुद्ध कसाबसा एक गोल झाला. उपांत्यपूर्व फेरीत चेकियाने शेवटच्या मिनिटात गोल करून ४-३ असं घरी पाठवलं. घर तिथेच होतं, हे आणखी झोंबणारं! आदल्या वर्षीही याच फेरीत, याच संघाने, शेवटच्याच मिनिटात घात केला होता. पाच सामन्यांत कॅनडाचे गोल झाले १३. रसिकांना ‘आम्ही सांगत होतो’ म्हणायला आयतंच मिळालं.

पुढच्या वर्षी मिनेसोटातल्या स्पर्धेत पारेख संघात होता. उपांत्य सामन्यात कॅनडाने चार गोल केले, चेकियाने सहा.