उरकून टाका एकदाचं!

४ एप्रिल २०१९. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये करांवर रटाळ चर्चा चालू होती आणि छत गळायला लागलं. वरून येणाऱ्या पाण्याचा आवाज इतका वाढला की बोलणाऱ्याचं बोलणं ऐकू येईना. शेवटी दिवसभराचं कामकाजच गुंडाळावं लागलं. आदल्या दिवशी याच सभागृहात ब्रेक्झिटच्या एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी झाली होती आणि सभापती जॉन बर्को यांना निर्णायक मत द्यावं लागलं होतं. त्याच रात्री एक विधेयक ३१३ विरुद्ध ३१२, म्हणजे एका मताने, पार पडलं. तीन वर्षं हे गुऱ्हाळ बघत बसलेल्या ब्रिटिशांना त्या गळतीवर वेगळा विनोद करायची गरजच उरली नव्हती.

ब्रेक्झिटविषयी लिहिताना सगळे फुटीविषयी लिहितात. फूट होतीच. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडायचं म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी राहायचं. लिंकनशरमधल्या बॉस्टनने तीन चतुर्थांशाहून जास्त मतं बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. लंडनच्या लॅम्बेथमध्ये जवळजवळ तेवढीच मतं उलट बाजूला पडली. स्कॉटलंडला राहायचं होतं, वेल्सला निघायचं होतं. पण मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. २०१९ चा वसंत येईपर्यंत दोन्ही बाजूंचे पुष्कळ लोक एकाच सुरात बोलायला लागले होते. जिंकलेले म्हणत होते, आम्हाला फसवताहेत. हरलेले म्हणत होते, आम्हाला फसवलं. आणि त्याच्या पुढचं वाक्य दोघांचंही एकच: काय ते एकदाचं उरकून टाका.

'उरकणं' हे क्रियापद मराठीत फार बोलकं आहे. स्वयंपाक आपण करतो, भांडी उरकतो. लग्न थाटात लावतो, नाहीतर कसंबसं उरकतो. जे उरकायचं असतं त्यात जीव नसतो. ते फक्त डोक्यावरून उतरायला हवं असतं. एखाद्या देशाने आपल्या पन्नासेक वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या निर्णयाबद्दल या क्रियापदात विचार करायला लागावं, ही मला फुटीपेक्षा गंभीर गोष्ट वाटते.

घोंगडं भिजत पडलं ते मुळात प्रश्नामुळे. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. 'राहायचं' याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता, कारण ते राहतच होते. 'निघायचं' याचे अर्थ मात्र जितकी तोंडं तितके. आपल्याकडे भावाभावांत वेगळं व्हायचं ठरतं तेव्हा खरं भांडण त्यानंतर सुरू होतं: विहीर सामाईक ठेवायची का, बांध कुठून घालायचा, गोठ्याकडे जायची वाट कुणाच्या वाट्यात. इथे बांध घालायची जागा आयर्लंडमध्ये होती. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. लोक दूध आणायला, शाळेत जायला ती ओलांडत होते. सीमाप्रश्न म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पंतप्रधान थेरेसा मे यांचं सरकार तगलं होतं ते उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांवर, आणि मे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या करारात आयर्लंडच्या सीमेसाठी घातलेली तरतूद नेमकी त्यांनाच मान्य नव्हती.

कॉमन्समध्ये मतदानाला 'डिव्हिजन' म्हणतात; आपण त्याचंच 'मतविभाजन' केलं. घंटा वाजते, आठ मिनिटांत खासदारांनी 'हो'च्या किंवा 'नाही'च्या दालनात शिरायचं, नावं टिपली जातात, दारातून बाहेर पडताना डोकी मोजली जातात. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, तेव्हा 'नाही'च्या दालनात त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. युरोपशी काहीही ठेवायचं नाही म्हणणारे आणि युरोप सोडायचाच नाही म्हणणारे त्या रात्री एकाच दारातून बाहेर पडले. नकार देताना एकमताची गरज पडत नाही. २७ मार्चला आठ पर्याय मांडून पाहिले. एकालाही बहुमत नाही. १ एप्रिलला चार, एकालाही नाही. कस्टम्स युनियनचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, म्हणजे फक्त तीन मतांनी हुकला. दुसरं सार्वमत हवं असलेल्या अनेकांनी त्याला हात दिला नाही, कारण त्यांना त्याहून बरं काहीतरी मिळेल अशी आशा होती. मिळालं काय, ते पुढे दिसलंच.

माझं मत अनेकांना रुचणार नाही, पण सांगतो: संसदेने तेव्हा लोकांना वाटलं तितकं वाईट काम केलं नाही. देश ५२-४८ असा चिरलेला असताना सभागृह एका सुरात बोललं असतं, तर ते नेमकं कुणाच्या वतीने बोललं असतं? खासदारांचा दोष घोळ घालण्यात नव्हता. दुसऱ्या पसंतीवर समाधान मानायला कुणीच तयार नव्हतं, हा होता.

लोकांना मात्र दिसला तो घोळच. आणि राज्यकर्त्यांना त्यात संधी दिसली. २० मार्चला मे यांनी डाउनिंग स्ट्रीटवरून भाषण करून जनतेला सांगितलं की तुम्ही या भांडणांना कंटाळला आहात, मी तुमच्या बाजूने आहे. म्हणजे संसद दुसऱ्या बाजूला. सार्वमताच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदाराचा खून झालेल्या देशात हे बोलणं साधं नव्हतं. अनेक खासदार संतापले ते उगीच नाही. हॅन्सर्ड सोसायटीच्या त्या वर्षीच्या पाहणीत ५४ टक्के लोकांनी म्हटलं, नियम मोडायची तयारी असलेला खंबीर नेता देशाला हवा. तसा नेता त्यांना मिळालाही. मे यांच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ती स्थगिती एकमुखाने बेकायदा ठरवली. मतदारांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. जॉन्सन यांची निवडणुकीतली घोषणा 'ब्रेक्झिट उरकून टाका' अशीच होती, आणि १२ डिसेंबरला त्यांना ८० चं बहुमत मिळालं. ते बहुमत पटण्यापेक्षा थकव्याने दिलं होतं, असं मला वाटतं.

३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला. आयरिश सीमेवर बांध नको म्हणून तो उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमधल्या समुद्रात घातला गेला. त्या रागात डीयूपीने उत्तर आयर्लंडचं सरकार दोन वर्षं बंद पाडलं, ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडलं. युरोपातून येणाऱ्या अन्नमालाची बंदरांवरची प्रत्यक्ष तपासणी पुढे ढकलत ढकलत एप्रिल २०२४ पर्यंत गेली.

आणि १७ जानेवारी २०१७ रोजी थेरेसा मे यांनी ज्या लँकेस्टर हाउसमधून एकसंध युरोपीय बाजारपेठेबाहेर पडण्याची घोषणा केली होती, त्याच इमारतीत १९ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ पुन्हा वाटाघाटींना बसले. युरोपीय बोटींना ब्रिटिश समुद्रात मासेमारी करू देण्याची त्या दिवशी ठरलेली मुदत २०३८ पर्यंत आहे.