आधी साहाय्य, मग दोषनिर्णय

अपघातात जायबंदी झालेल्याने साहाय्यासाठी प्रथम दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा, हे धर्म्य आहे काय? १९८४ च्या विषारी वायूकांडानंतर भरपाईसाठी वर्षानुवर्षे तिष्ठणारे लोक आमच्या भोपाळने पाहिले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक पदार्थांच्या अपघातांत प्राथमिक साहाय्यासाठी ही अट ठेवली नाही. मोटार अपघातांस हे तत्त्व १९८२ मध्येच लागू झाले होते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस ५ लक्ष व गंभीर दुखापतीस अडीच लक्ष रुपये दोष सिद्ध न करता मागता येतात. वाहनाचे सुख भोगणाऱ्या सर्वांनी हानीचा भारही विम्याच्या हप्त्यांतून वाटून घ्यावा, हे आम्हांस न्याय्य वाटते. बेपर्वा चालकास शासन व्हावेच. परंतु त्या निवाड्यापायी जखमीचे औषधपाणी अडू नये.