मुक्या जिवाचे प्रारब्ध

आमच्या मोती कुत्र्याच्या डाव्या कानामागे तुरीच्या डाळीएवढी चामखीळ प्रथम दिसली, तेव्हा त्याने दहावे वर्ष ओलांडले होते. पुढे बरगडीवर लिंबाएवढी, बोटाखाली सरकणारी मऊ गाठ आली, आणि एका वयोवृद्ध स्नेह्यांनी, मनात काडीचाही दुष्टावा नसताना, ‘भोग आहेत बिचाऱ्याचे, भोगून संपू द्या,’ असा निवाडा दिला. तो मला मान्य नाही. प्रारब्धाचा सिद्धांत मी नाकारीत नाही; परंतु स्वतःच्या वाट्यास आलेले दुःख धीराने सोसावयास जो आधार होतो, तोच, ज्याला आपली कैफियत मांडता येत नाही अशा जिवाकडे पाठ फिरविण्याचा परवाना म्हणून वापरला, की त्यातील धर्म नाहीसा होतो. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतणाऱ्या संत एकनाथांनी, त्याच्या पूर्वकर्माचा दाखला मागितल्याची कथा कोणी सांगत नाही.

मात्र उपाय करणाऱ्या हातानेही स्वतःला विचारावे, की हे कोणासाठी? चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, चुना लावा, असे सांगणारे पुष्कळ भेटले, आणि चुना मी एकदा लावलाही. रात्रभर मोती मागच्या पायाने कान ओरबाडीत राहिला. सकाळी तेथे ओला, लालभडक व्रण होता आणि नखांत केस अडकले होते. त्या चामखिळीचा त्याला उपद्रव नव्हता. ती मला पाहवत नव्हती. किळसेला मी करुणेचे नाव दिले होते, आणि त्याची शिक्षा मोतीने भोगली.

म्हणून येथे जाणून घेणे हाच पहिला धर्म होय. कोवळ्या कुत्र्याच्या तोंडात विषाणूमुळे उठणाऱ्या चामखिळी बहुधा काही महिन्यांत आपोआप झडतात. उतारवयातील चरबीच्या गाठी बहुशः निरुपद्रवी असतात. पण घातक अर्बुदही कित्येकदा अगदी तशाच रूपाने येते, आणि डोळ्यांनी वा बोटांनी त्याचा निर्णय होत नाही. सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात.

मोतीची गाठ चरबीची निघाली. ती काढली नाही. दर अमावास्येस दोऱ्याने तिचे माप घेतो. कानामागची चामखीळही होती तेथेच आहे.